दांड्यावर उभं करून घेतलेलं माप

तुम्हाला कधी दुकानदाराने सायकलच्या मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलंय, खाली वाकून पाहिलंय, "दोन बोटं जागा सुटते, एकदम बरोबर" असं म्हटलंय, आणि तुम्ही मान डोलावलीय?

मी डोलावली होती. माझी उंची सहा फूट चार इंच आहे आणि समोर उभी होती ती मीडियम फ्रेमची डोंगरी सायकल. दुकान जबलपुरात, सराफ्याच्या पुढच्या गल्लीत आहे. दुकानदार मराठी, गणपतीच्या वर्गणीपासून ओळखीचे, मी त्यांना काका म्हणतो. काकांनी दांडा पाहिला, सीट वर ओढली, आणखी वर ओढली आणि म्हणाले, "घे बाप्पा. सीट वर केली की उंच माणूस बसते."

खडकाळ पायवाटांसाठी बनवलेल्या आजच्या सायकलचा मधला दांडा मागे उतरता असतो. त्यावर बुटका उभा राहिला तरी जागा सुटते आणि ताडमाड उभा राहिला तरी सुटते. म्हणजे हे माप काहीच मोजत नाही. पण जबलपूरच्या दुकानांत काळ्या रोडस्टर सायकलींच्या जमान्यापासून ते घेतलं जातं, म्हणून आजही घेतलं जातं. उंच माणसाच्या सायकलीत खरी पाहायची असते लांबी. पेडलवर उभं राहिल्यावर हँडल आपल्यापासून किती पुढे आणि किती वर येतं, ती. उतारावर कुणी सीटवर बसून राहत नाही, पेडलवर उभाच असतो. आणि सीट कितीही वर ओढली तरी ती लांबी एका सुतानेही वाढत नाही.

मी तक्रार केली की गुडघे हँडलला लागतात. काकांनी हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा काढून दुप्पट लांबीचा लावून दिला. "आता ऐसपैस झाली की नाही?" झाली. माझे हात पार पुढच्या चाकाच्या वर गेले आणि सगळा भार त्यांच्यावर आला.

पाटन रस्ता सोडून आत गेलं की एक मुरमाड टेकडी आहे. तिच्या उतारावर पुढचं चाक एका दगडाला अडलं आणि मी हँडलवरून पलीकडे गेलो. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात होता. भेटायला येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून एकच म्हणायचा, एवढ्या उंच माणसाने कशाला असले खेळ खेळावेत. सायकलबद्दल कुणी विचारलं नाही. दोष माझ्या हाडांचा होता.

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पत्रकं दुमडली जायची. बाबा कामगारांच्या संघटनेत होते, आणि यंत्राने माणसाच्या मापाचं व्हावं, माणसाने यंत्राच्या नव्हे, असा मजकूर घडी घालता घालता मी वाचायला शिकलो. तरीही बसची सीट, चुलीचा ओटा, वर्गातला बाक, सगळ्यांपुढे मी वाकतच आलो होतो. सायकल तरी मी स्वतः निवडली होती, निदान तसं मला वाटत होतं. राग आला तो याचा.

हात बरा झाल्यावर मी दुकानात गेलो. काउंटरच्या काचेखाली कंपनीचा मापाचा तक्ता होता. त्यावर चहाचे ग्लास ठेवून ठेवून गोल डाग पडले होते. ग्लास बाजूला करून मी वाचलं. मीडियमची ओळ पाच फूट आठ इंचांवर संपत होती. माझ्यासाठी सगळ्यात खालची ओळ होती, एक्स्ट्रा लार्ज.

"काका, हे तुम्ही कधी वाचलं का?"

"अरे, तेवढी मोठी मागवावी लागते. दुकानात कोण ठेवते? महिनाभर थांबला असता तू?"

थांबलो असतो. मला विचारलं कुणी?

काकांनी मोठी फ्रेम मागवली. जुनी त्यांनीच दुकानात विकायला लावायची, विकली की पैसे माझे, असं ठरलं. तेव्हा मी हो म्हणालो. ती कुणाला विकली जाईल, याचा मी विचार केला नाही. ही माझी चूक, आणि तिच्यावर मी पांघरूण घालणार नाही.

नवी आली त्या दिवशी ती स्टँडवर चढवलेली होती आणि मी शेजारी उभा होतो. तेवढ्यात एक मुलगी आत आली. जवळच्या पनागरहून आली होती, कॉलेजच्या संघात व्हॉलीबॉल खेळायची, आणि आता टेकड्यांवरच्या शर्यतीत उतरायचं होतं तिला. पाच फूट अकरा तरी असेल. दारातून आत येताना तिने सवयीने मान खाली घातली. ती सवय मी कुठेही ओळखतो.

काकांनी माझी जुनी सायकल पुढे ओढली. तिला दांड्यावर उभं केलं. खाली वाकून पाहिलं.

"परफेक्ट है बेटा. इन्हीं की थी, आपसे भी लंबे हैं. पूछ लो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "भैया, फिर आपने छोड़ी क्यों?"

मी तक्त्यावरच्या ग्लासांकडे पाहिलं. काका तिच्याकडे हसत बघत मला मराठीत म्हणाले, "काहून मुका झाला? सांग ना, शौक बदलला म्हणून. तुझेच पैसे अडकून राहिले नं इथं."

तिला एक अक्षर कळलं नाही. त्यासाठीच ते मराठीत होतं.

या शहरात आमची भाषा उंबऱ्याच्या आत जगते. मुलं ती बोलत नाहीत म्हणून आमच्या सभांमध्ये गळे काढले जातात. आणि दुकानात ती कशाला बाहेर येते, तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याला फसवण्याचा बेत करायला. मी हे लहानपणापासून ऐकत आलोय, भाजीवाल्यासमोर, रिक्षावाल्यासमोर, घरकाम करणाऱ्या दीदीसमोर. सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या दिवशी मला त्याची शिसारी आली.

मी हिंदीत बोललो. "इससे गिरा हूँ. हड्डी टूटी है. मेरे लिए छोटी थी, आपके लिए भी छोटी है." ग्लास उचलले आणि तिला तक्त्याची ओळ दाखवली. तिने बोट ठेवून वाचली, दोनदा. मग काकांना विचारलं, "अंकल, बड़ी मँगा देंगे?"

काका माझ्याकडे वळले. त्यांनी माझी नवी सायकल स्टँडवरून उतरवली. "घेऊन जा. जुनी पण ने. घरी जोडत राहा दोन्ही."

ती पायऱ्या उतरून गेली. दुसरीकडे तिला मोठी फ्रेम मिळाली की नाही, मला माहीत नाही. दुसरीकडेही कुणीतरी तिला दांड्यावर उभं केलं असेल, हे मात्र मी लिहून देतो.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आई म्हणाली, "आपल्या माणसाला परक्यासमोर खाली पाहायला लावलंस." मी बाबांकडे पाहिलं. आयुष्यभर पत्रकं छापणारे बाबा चष्मा पुसत म्हणाले, "तिला बाहेर गाठून सांगता आलं असतं. शांतपणे." आपला माणूस. परकी. हे शब्द त्यांच्या एकाही पत्रकात नव्हते.

त्या दुपारी मी गच्चीवर एकट्याने नवी सायकल बसवली. सीट एवढीच वर, की पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. हँडल रुंद, वर उचललेलं, आणि ते जोडणारा तुकडा आखूड. धक्के झेलणाऱ्या पुढच्या शॉकअपवरचं, तो किती दबला हे दाखवणारं रबराचं कडं खाली सरकवलं, सगळा भार टाकून पेडलवर उभा राहिलो, उतरून पाहिलं. शॉकअप जेवढा दबू शकतो त्याच्या पाव भागापेक्षा थोडा जास्त दबायला हवा होता, निम्मा दबला होता. हवा भरली, पुन्हा उभा राहिलो. चौथ्या वेळी जमलं. आणि तेव्हा कळलं की पाठ सरळ ठेवून सायकलवर उभं राहता येतं. छत्तीस इंची ओट्यावर भांडी घासत वाढलेल्या माणसाला हे किती उशिरा कळलं, याने मला आनंद झाला नाही. संतापच वाढला.

जुनी जिन्याखाली उभी आहे. बाबांच्या ओळखीचे एक जण काल विचारून गेले. मुलगा पाच फूट सात, हँडलचा मूळचा आखूड तुकडा परत लावला की त्याला बसेल. त्याला घेऊन या म्हटलं, मी त्याला पेडलवर उभं करून पाहीन.

तुमच्याही घरी अशी एखादी न बसलेली सायकल असेल. विकायच्या आधी घेणाऱ्याला बोलवा. दांड्यावर नको, पेडलवर उभं करा. तुम्ही ती का सोडली हे त्याने विचारायची वाट पाहू नका, आणि सांगाल ते त्याला समजणाऱ्या भाषेत सांगा.