नाव बदललं होतं

माझ्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एका थेरपिस्टचं समुपदेशन केंद्र आहे. बारामतीत नवीन आले तेव्हा समोर पेशंट बसला की ते मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावायचे. मला केवढं कौतुक वाटायचं! बोलणं थोडकं. "हं... हं..." करत ऐकायचे आणि समोरच्याला रडू फुटलं की टिश्यूचा डबा अलगद पुढे सरकवायचे.

आता तोच मोबाईल गोल दिव्याच्या स्टँडवर असतो. रोज एक रील. म्हणतात, जमाना बदलला, थेरपिस्टनं लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. पोचा ना! पण दुसऱ्याचं दुःख चव्हाट्यावर मांडून?

परवा अंथुर्ण्याची एक बाई माझ्या काउंटरपाशीच त्यांना भिडली. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. अजून ती त्याच्या सदऱ्याशी बोलते, हे तिनं फक्त यांना सांगितलं होतं. यांनी ते रीलमध्ये सांगून टाकलं.

"ताई, नाव बदललं होतं," ते म्हणाले.

"नाव बदलून काय व्हतंय? मोटारीच्या शॉकनं गेलेला आमच्या गावात एकच हाय. डेअरीवर बाया इचारत्यात, आज सदरा काय म्हणला?"

"हं... हं..." त्यांनी मान डोलावली. माझ्याच काउंटरवरचा टिश्यूचा डबा तिच्याकडे अलगद सरकवला. मला वाटलं, आता तरी माफी मागतील.

"ताई, फार मनापासून बोललात," ते म्हणाले. "हेच जरा वर येऊन कॅमेऱ्यासमोर बोलाल?"