स्वागताच्या रांगेतल्या गाईड

आमच्या शाळेत गाईडचं पथक सुरू झालं ते वरून पत्र आलं म्हणून. कॅप्टन कोण, हे ज्या बैठकीत ठरलं त्या दिवशी मी रजेवर होते. त्यामुळे कॅप्टन मी झाले. गणवेश आले, स्कार्फ आले, आणि पहिली दोन वर्षं माझ्या मुलींनी सेवेचं एकच काम केलं: पाहुणा आला की दोन रांगांत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आमची चळवळ अशी वाढली. अहवालात तर ती फारच वाढली.

मग चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ तीन दिवसांचं शिबिर लागलं. शहरातून आलेल्या प्रशिक्षक सरांनी आधी इतिहास सांगितला. विलायतेत एका लष्करी अधिकाऱ्याने स्काऊट पथक फक्त मुलग्यांसाठी काढलं होतं. पहिल्या मोठ्या मेळाव्यात काही मुली न बोलावताच येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या, आणि त्यातून मुलींची गाईड निघाली. दुपारी सरांनी मुलींना चूल पेटवायला शिकवलं. या मुली रोज घरचा स्वयंपाक करून शाळेत येतात. सरांच्या सहा काड्या वाया गेल्यावर आठवीतल्या एका मुलीने पेटी घेतली आणि चूल पेटवून दिली. सर तिला म्हणाले, तंत्र बरं आहे, सराव वाढव.

समारोपाला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मुली सकाळपासून उन्हात रांगेत. साहेबांची गाडी तलावाच्या पाळीखाली, धानाच्या शेतात, ओल्या बांधीत रुतली. साहेब उतरले नाहीत. बूट नवे होते. सरांनी दोराला पुस्तकातली गाठ मारली, ती पहिल्याच ओढीला सुटली. तेव्हा तीच मुलगी रांग सोडून गेली. म्हशीला बांधताना मारतात तशी गाठ तिने मारली, बाकीच्यांना बोलावलं, आणि सगळ्यांनी चिखलात उतरून गाडी बाहेर ओढली.

साहेबांनी भाषणात शिस्तीचं कौतुक केलं, गणवेश मळके असल्याची खंतही व्यक्त केली. फोटोसाठी दोर त्यांच्या हातात दिला. अहवाल मी लिहिला: मान्यवरांच्या मार्गदर्शनाखाली गाईडनी वाहन बाहेर काढले.

शाळेच्या फलकावर तो वाचून ती मुलगी माझ्याकडे आली.

"मॅडम, साहेब तं गाडीतच बसून होते ना?"

अहवाल असाच लिहायचा असतो, असं मी सांगितलं.

"मंग त्या विलायतेतल्या पोरी न बोलावता गेल्या, हे कोणं लिवलं असन?"

मी तिला वर्गात जायला सांगितलं.

पुढच्या महिन्यात दुसरे पाहुणे आले. ती रांगेत नव्हती, वर्गात बसून गणितं सोडवत होती. मी विचारलं, तर वहीतून मान वर न करता म्हणाली, "टाळ्याच वाजवाच्या हायेत ना, मॅडम? मी कायले येऊ?"

मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिला ताप आहे. खरं बोलायची हिंमत कॅप्टनला त्याही दिवशी झाली नाही.