कानपिळ्याला घेऊन अकोल्याला

दोन हजार चोवीस साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. भर उन्हाळ्यात सहा वर्षांच्या नातवाला, गुड्डूला, घेऊन मी मोर्शीहून अकोल्याला निघालो. तिथं माझ्या लेकीच्या, वच्छीच्या, मुलीचं लग्न होतं. नवरीला, म्हणजे आमच्या सोनलला, सख्खा भाऊ नाही, म्हणून मामाचा हा पोरगा कानपिळ्या ठरला. मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट ठेवशील ना म्हणून दटावायचं आणि कपड्याचा मान घ्यायचा, हे कानपिळ्याचं काम. सून म्हणत होती, परवा गाडी करून सगळेच जाऊ. मी म्हटलं, मानाचा पोरगा मानानं आधी पोचला पाहिजे, मी नेतो. मुलानं आमची पिशवी भरून दिली. माझ्याशी बोलून फरक पडत नाही हे त्याला ठाऊक आहे.

एस.टी.नं अमरावतीला उतरलो. ऊन असं की डोक्याचा दुपट्टा सोडवेना. तिथं गिला वडा (ताकात भिजवलेला उडदाचा वडा, वरून दही-चटणी) खाल्ला. गुड्डूनं अर्धा खाल्ला, अर्धा शर्टावर घेतला. नळावर शर्ट धुऊन त्याच्याच अंगात घातला. बडनेऱ्याच्या स्टेशनात पोचेपर्यंत तो कडक वाळला होता.

बडनेऱ्याहून रेल्वे. दोन्हीकडं नांगरून टाकलेली काळी वावरं, मोठाली ढेकळं, मधेच एखादं निंबाचं झाड आणि त्याखाली बसलेली गुरं. गाडीत मी गुड्डूची तालीम घेतली. उजवा कान धरायचा, अंगठा आतून, बोटं बाहेरून, आणि हो म्हणेपर्यंत सोडायचं नाही. सरावाला माझाच कान होता. समोर टोपली घेऊन बसलेली एक बाई बघत होती. ती म्हणाली, "लग्नाच्या आंधीच बुढ्याचा कान उपटून हाती येते, पाहा." डबा हसला. मलाही बरं वाटलं, पोराची पकड तशीच होती. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्याला दाखवलं, हे तुझ्या होणाऱ्या भाऊजीचं गाव. त्यानं खिडकीतून गावाकडं पाहत हवेतच एक कान पिळला.

अकोल्याला वच्छीकडं पोचलो, हळद झाली. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. मी गुड्डूला घेऊन जानोश्यावर (वऱ्हाडी उतरवायची जागा) गेलो, म्हटलं पोराला नवरदेव जवळून दाखवावा. तिथं त्यांची करवली होती, नवरदेवाच्या बहिणीची पाच वर्षांची पोर. नऊवारी नेसवलेली, हातात करा, म्हणजे वर नारळ ठेवलेला पाण्याचा तांब्या. तो हिंदकळू न देता ती दहा पावलं इकडं, दहा पावलं तिकडं चालून बघत होती. गुड्डू कोण आहे हे कळताच ती थांबली.

"उजवा कान नको पिळू," ती म्हणाली. "तिथं मामाची मशीन हाय. पडली का मामाले कोनाचंच आयकू येत नाई."

पोरीला मामाशी बोलायची सवय. ती सगळ्यांशीच मोठ्यानं बोलायची. म्हणून तर ते मला ऐकू आलं.

मी तसाच घरी आलो. वच्छी पाटावर सुपाऱ्या मांडत होती.

"नवरदेव बहिरा हाय, अन मले कोनी सांगतलं नाई?"

तिनं मान वर केली नाही. "तीन खेपा सांगतलं, बाबा. फोनवर. मशीन लावते, नोकरी करते, पोट्टा लाखात एक हाय. तुमी म्हनले, बरं बरं. मंग म्या इचारलं, चालते ना? तुमी म्हनले, चालते."

मला त्यातलं मशीन एवढंच ऐकू आलं होतं. मी समजलो, आंदणात कपडे धुवायची मशीन द्यायची म्हणते. म्हणून चालते म्हटलं.

"तुमाले आयकू येत नाई, हे तुमी आजवर कोनाले म्हनलं काय?" वच्छी म्हणाली आणि पुन्हा सुपाऱ्या मोजू लागली.

राग गेला, पण धास्ती बसली. गाडीत मीच पोराला उजवा कान शिकवला होता. भरल्या मांडवात मशीन खाली पडली, कोणी फिदीफिदी हसलं, तर माझ्या नातीचा संसार त्या हसण्यापासून सुरू होणार. मी गुड्डूला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, डाव्या कानाला नुसतं बोट लाव आणि ये, विचारू नको काही. तो म्हणाला, "हो म्हनेपर्यंत सोडाचं नाई. तुमीच सांगतलं, आबा." पेढा देतो म्हटलं, दोन देतो म्हटलं. तो हलला नाही. माझाच नातू तो.

अक्षता पडल्या, होम झाला, भटजींनी कानपिळ्याला बोलावलं. करवली करा घेऊन नवरदेवामागं उभी होती. तिनं मामाचा खांदा हलवून गुड्डूकडं बोट केलं. नवरदेवानं आपल्या हातानं कानातली मशीन काढली आणि गुड्डूच्या मुठीत ठेवली.

"साळेबुवा, आंधी हे सांभाळा," तो म्हणाला आणि उजवा कान पुढं केला.

गुड्डूनं एका मुठीत मशीन धरली, दुसऱ्या हातानं कान. पिळला आणि विचारलं, "भाऊजी, माह्या ताईले नीट ठेवसान ना?"

नवरदेव नुसता हसत होता. मशीन काढल्यावर त्याला ऐकू कसं येणार? गुड्डूनं आणखी पीळ दिला, पुन्हा विचारलं. कान लाल झाला. वऱ्हाडी माना उंचावून पाहू लागले.

तेव्हा सोनलनं बाशिंग बाजूला सारलं, नवरदेवाच्या तोंडापुढं तोंड नेलं आणि ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. तिचे ओठ पाहता पाहता त्याचा चेहरा उजळला. हे बोलणं त्यांचं आजचं नव्हतं, नक्की.

"ठेवतो, साळेबुवा," तो मोठ्यानं म्हणाला. "सोडा आता."

गुड्डूनं कान सोडला, मूठ उघडली. मांडव हसला, आणि ते हसणं चांगलं होतं.

मग मी जेवायला बसलो. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. त्या दिवशी पहिल्यांदा अन्नाला चव लागली. तिसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा वाढणारा पोरगा माझ्याकडं बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलानं केलेल्या गाडीतून मोर्शीला परतलो. गुड्डू नव्या कपड्यांवर डोकं ठेवून झोपला. बाहेर तीच काळी वावरं, तेच ऊन, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. वाटलं, त्या पोट्ट्यानं शेकडो माणसांसमोर मशीन काढून हातावर ठेवली, अन त्याचं काही कमी झालं नाही. मी मात्र बरं बरं म्हणत इतकी वर्षं काढली, आणि नातीचा नवरदेव कसा आहे हे मला एका पाच वर्षांच्या पोरीकडून कळलं.

सकाळी उठून चहा घेतला आणि वच्छीला फोन लावला. ती काहीतरी बोलली.

मी म्हटलं, "वच्छे, मले आयकू आलं नाई. पुन्हा सांग."