हाताचे मोजे

देवगाव रंगारीच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा माझे दोन्ही तळहात ओढणीत गुंडाळलेले होते. आईनं खिडकीतून डबा दिला, तो मी कोपरानं आत ओढला. "नाय जमलं तर माघारी ये," आई म्हणाली, "घर काय पळून नाय चाललं." मला मात्र माघारी यायचंच नव्हतं. शहरात, गुलमंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानात काम मिळालं होतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तळहातांवर पुन्हा पिवळ्या पुळ्या उठल्या होत्या.

कापड विकणाऱ्याला तळहात लपवून चालत नाही. मलमल किती तलम आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं तर खाली आपलाच हात धरावा लागतो. एका बाईंनी माझा हात पाहिला आणि कापडाचं थान परत सरकवलं. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं त्वचेच्या डॉक्टरबाईंचा पत्ता ठेवला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा पस्ट्युलर सोरायसिस. पू दिसतो, पण जंतू नसतात, कुणाला लागत नाही. मी तिथंच रडले. गावी कित्येक वर्षं मी पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा ठेवला होता. त्यांनी सांगितलं ते असं: संध्याकाळी स्टिरॉइडचं मलम पातळ लावायचं, वरून पातळ प्लास्टिक आणि सुती मोजे, दिवसभर साधं क्रीम चोळत राहायचं. पुळ्या बसल्या की त्यांना विचारून मलम हळूहळू कमी करायचं आणि दुसरं सुरू करायचं. एकदम सोडायचं नाही, हे तर तीनदा बजावलं. मी शाळेच्या पोरांचे पांढरे पायमोजेच हातांसाठी घेतले. खोलीवर ते टॉवेलखाली वाळत घालायचे, शेजारणींनी विचारू नये म्हणून.

दिवाळीला गावी गेले तेव्हा हात स्वच्छ होते. आई इतकी हरखली की माझी ट्यूब तिनं गल्लीभर फिरवली. काकूच्या नायट्याला, कुणाच्या टाचेच्या भेगांना, कुणाला मुंग्या चावल्या त्यालाही. "गुणाची ट्यूब हाय, लावून तर बघा!" परत येताना माझ्या पिशवीत रिकामी नळी होती. मलाही वाटलं, बरी झालेय, आता कशाला हवी? पंधरा दिवसांत पुळ्या दुपटीनं उठल्या. तिकडं स्टिरॉइडनं काकूचा नायटा उलट पसरून मानेपर्यंत चढला. काकू, हे कुणी वाचून दाखवत असेल तर राग मानू नकोस, चूक आम्हा मायलेकींची.

आता काम जाणार, गाव गाठावं लागणार, म्हणून घाबरतच चाचांना हात दाखवले. "हात अच्छे होने दो बेटी," ते म्हणाले, "थान कहीं भाग नहीं रहे." आणि मला फोनवरच्या ऑर्डरींवर बसवलं.

फोनवर कळताच आई पहिल्या गाडीनं आली. "म्याच केलं गं हे," म्हणत पंधरा दिवस राहिली. रोज संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मलम लावायची, मोजे चढवायची आणि मला घास भरवायची. पहिल्याच सकाळी तिनं धुतलेले मोजे गॅलरीत, सगळ्यांना दिसतील असे, चिमटे लावून टांगले. शेजारणीनं विचारलं, "एवढे मोजे कुणाचे?"

"पोरीच्या हातातले. तिला सोरायसिस हाय, लागत नाय कुनाला. चहाला या."

ती आली. तिनं कप माझ्या हातून घेतला. आईचे आणि चाचांचे उपकार मी मानतेच, पण त्या एका कपाचेही मानते.

दुखणं कायमचं गेलेलं नाही, अधूनमधून डोकं वर काढतं. तरी मलमलीखाली आता माझाच हात असतो. गावी कुणी ट्यूब मागितली की आई फटकारते, "आधी डाक्टरला दाखवा!" मी गेले की माझे मोजे ती अंगणात, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालते. इथं मी गॅलरीत घालते. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला या दोन्ही दोऱ्या आठवतात.

निघताना आई अजून एसटीच्या खिडकीतून डबा देते. मी तो दोन्ही हातांनी घेते.