मिठाच्या चौकीचा पहारेकरी

भूतबित असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही नाही. जे झालं ते सांगतो.

नागपुरात इतवारी बाजारात आमचं मिठाचं दुकान. आमचा गाडीवान गोमाजी उमरेडच्या रस्त्याने गावोगावच्या बाजारांना मीठ नेतो. वाटेत एक पडकी गढी लागते. पूर्वी बैलांच्या तांड्यांवर मीठ यायचं, ते लुटलं जाऊ नये म्हणून बांधलेली. पुढे आगगाडीने मीठ यायला लागलं आणि तिथली चौकी उठली. तरी गोमाजी म्हणायचा, गाडीत मीठ असलं की बैल तिथे अडतात, दारात मूठभर टाकलं की चालतात. ती मूठ कुणाच्या घरी जाते ते मला ठाऊक आहे, असं मी त्याला चिडवायचो.

मागच्या उन्हाळ्यात माझी लेक यमू आजोळी तापाने फणफणली. तिला नागपूरच्या डॉक्टरकडे आणायला मी गोमाजीची गाडी घेऊन गेलो. परतताना, भरदुपारी, गढीपाशी बैल थांबले... काही केल्या हलेनात. बायकोच्या मांडीवर यमू डोळेही उघडत नव्हती.

“गाडीत मीठ असन, मालक,” गोमाजी म्हणाला.

“कुठलं मीठ?” मी खेकसलो.

बायकोने पदराची गाठ दाखवली. निघताना तिने यमूची दृष्ट काढली होती — ओवाळलेलं मीठ घाईत चुलीत टाकायचं राहिलं होतं.

“टाक ते दारात,” मी म्हणालो.

“लेकीची नजर दुसऱ्यावर काहून टाकू? कोन आहे गा तिथं, गोमाजी?”

“चौकी उठली तवा सारे गेले, बाई. एक म्हातारा शिपाई राहिला. त्याले कोनी जा म्हटलंच नाही. दारातच मेला म्हन्ते.”

ती यमूला माझ्याकडे देऊन उतरली. दारापुढे उभी राहिली.

“बाबाजी, हे विकाचं मीठ नाही. आजारी लेकराचं आहे. आमाले जाऊ द्या.” मग म्हणाली, “तुमची चौकी कवाचीच उठली. तुमी बी घरी जा आता.”

ती गाडीत चढली न चढली तोच बैल चालू लागले.

यमू वाचली. डॉक्टरांच्या औषधानेच वाचली, त्यात वाद नाही. पण त्यानंतर मिठाच्या कितीतरी गाड्या त्या वाटेने गेल्या — बैल एकदाही अडले नाहीत. मी बरोबर असलो की आता मीच तिथे गाडी थांबवतो. दार आधीही रिकामंच होतं. आता मात्र ते रिकामं वाटतं, आणि म्हाताऱ्यासाठी बरं वाटतं. असं का, ते मला अजून सांगता येत नाही.