साडूंचा अर्धा तास

आयुष्यात कुणालाही 'नाही' न म्हणता पन्नाशी ओलांडणं हे फक्त आमच्या साडूंनाच जमलं. मी त्यांच्या बरोबर उलटा. दुसऱ्याच्या पत्रा कापायच्या प्रेसवर बिजागऱ्या ठोकता ठोकता वसई पूर्वेला स्वतःचा गाळा केला, तो समोरच्याचा भाव ऐकून आधी 'नाही' म्हणण्याच्या जोरावर. आणि बायकोच्या थोरल्या बहिणीला नवरा मिळाला तो असा, की भाजीवाली "काका, शिळी आहे हो" म्हणाली तरी पिशवी पुढे करणारा.

हा रोग मुळातलाच, पण बळावला तो कंपनीत. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत ते पर्सोनेल खात्यात होते. त्या काळात सगळ्याच कंपन्यांना आपली माणसं जुनाट विचारांची असल्याचा साक्षात्कार झाला होता. साडूंच्या साहेबांनी मानसिकता बदलण्यासाठी एक नाटकवाल्या बाई बोलावल्या. बाईंनी टाय लावलेल्या माणसांना गोल उभं केलं, नसलेला चेंडू एकमेकांकडे फेकायला लावला आणि एक नियम शिकवला: समोरचा काहीही म्हणो, आपण 'हो, आणि...' म्हणून गोष्ट पुढे न्यायची. बाकीच्यांनी तिथला वडा खाल्ला आणि विसरले. साडूंनी तो नियम गुरुमंत्रासारखा घेतला.

चंदनसारच्या त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरीने जाहीर केलं, "उद्या टँकर येणार नाही." साडू उठून म्हणाले, "हो, आणि आपण सगळे गच्चीवर कागदावर भेळ खाऊ, घासायला भांडी पडणार नाहीत." लोक सेक्रेटरीला सोडून चटणी कोण करणार यावर भांडत बसले. भुईगावच्या केळेवालीने माझ्यादेखत दुप्पट भाव सांगितला, तर हे म्हणतात, "हो, आणि शेजाऱ्यांसाठीही एक डझन द्या." बाईने दोन केळी वरून घातली होती. रागाने मी ती खाल्ली नाहीत. आमच्याकडे आले की दारातूनच नसलेला चेंडू माझ्या अंगावर फेकत. मी हात खिशात घालून उभा. "पडला की हो, शेठ!" म्हणत तेच वाकून उचलत.

असल्या माणसाला मी गाळ्यावर पाऊल ठेवू दिलं नसतं. पण फिलिप चालला होता.

फिलिप भुईगावचा, माझा पहिला कारागीर. प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, त्याच्यासारखी कुणालाच जुळवता येत नव्हती. घाईच्या ऑर्डरीत डाय तडकली आणि मी सगळ्यांसमोर त्याची अक्कल काढली. खरं तर डाय झिजलीय, हे त्यानेच आधी सांगितलं होतं. प्रेस चालू ठेवायला लावली ती मी. त्याने निरोप दिला, शनिवारनंतर येणार नाही. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा बायकोने परस्पर बहिणीला फोन केला आणि शनिवारी दुपारी साडू हजर झाले.

"शेठ, तुम्ही फिलिप व्हा. फिलिप, तुम्ही शेठ. बसा खुर्चीत."

"अण्णा, ही पोरकट थेरं इथे नकोत," मी साडूंना म्हणालो.

"हो, आणि तुम्ही तिकडे प्रेसपाशी उभे राहा."

राहिलो उभा. वाटलं, आता फिलिप माझ्याच शिव्या मला परत करणार. माणसंही हसू दाबून तयार होती. फिलिपने माझा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हळूच म्हणाला, "फिलिप, तू सांगितलं होतंस डाय झिजलीय म्हणून. मीच ऐकलं नाही."

कुणी हसलं नाही. साडू माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी समोरच्याचा पहिला भाव मान्य केला.

"हो," मी म्हणालो, "आणि... ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

फिलिपने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारी नवी डाय बसवतो, शेट."

चहा पिताना मी साडूंना टोमणा मारला, "तुमच्या कंपनीचंही असंच भलं झालं असेल!"

"झालं ना," ते म्हणाले. "त्या बाई येऊन गेल्या आणि सहा महिन्यांत आमच्या सबंध खात्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. मी 'हो' म्हटलं. 'आणि' म्हणेपर्यंत साहेब पुढच्या टेबलावर गेले होते."

घरी त्यांनी नोकरीचा कंटाळा आला एवढंच सांगितलं होतं. मी त्या न पाहिलेल्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग म्हणालो, "दर शनिवारी इथे येत जा."

"एक तास द्याल?"

"गाळा आहे हा, बालवाडी नव्हे. अर्धा तास."

सवयीने तोंडातून गेलं. ते ताणतील, मी पाऊण म्हणेन, मग तासावर तुटेल, असा माझा अंदाज. पण ते म्हणाले, "हो, आणि चहा माझ्याकडून."

अशा माणसाशी सौदा करायचा कसा? माझी तक्रार आहे ती हीच. चार वर्षं ते येत राहिले आणि दर वेळी घड्याळ बघून अर्ध्या तासाने उठले. आता ते नागपूरला मुलीकडे असतात. शनिवारी चारला फिलिप अजून प्रेस थांबवतो, माणसं गोल उभी राहतात, नसलेला चेंडू फिरतो. माझ्याकडे आला की मी झेलतो. साडेचारला फिलिप माझ्याकडे बघतो. मी चेंडू त्याच्याकडे फेकतो, आणि पाच वाजेपर्यंत कुणी प्रेस चालू करत नाही.