मारवेलचे बारा ठोंब

नोकरीची बरीच वर्षं मी एका गवत संशोधन केंद्राच्या शेतावर काढली. तिथं आम्ही मारवेल लावायचो. हे गवत ठोंबांपासून चांगलं लागतं. जुना ठोंब खणायचा, मुळांसकट फाडायचा आणि एकेक फोड वेगळी लावायची. फोडी कितीही केल्या तरी झाड तेच राहतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा साहेबांनी रानातलं मारवेल आणायला पाठवलं. शिरूर कासारकडचे बारा डोंगर, प्रत्येकाचा एक ठोंब. शेतावरचं आणि रानातलं मारवेल किती वेगळं, आणि रानातलं आपसात किती वेगळं, हे त्यांना पाहायचं होतं.

पहिल्याच डोंगरावर एक मेंढपाळ भेटला. म्हणाला, "पल्याडच्या डोंगराचं गवत मेंढरं बुडापासून खातेत. हितलं नुसतं हुंगतेत."

"असं का?"

"मला कावून इचारता सायेब? मेंढीला इचारा. ती नोकरीला न्हाई, खरं सांगंल."

ऊन चढलं होतं. पुढचे अकरा डोंगर पायी करायचे होते. मी तिथलाच एक मोठा ठोंब खणला, बाभळीखाली बसून त्याच्या बारा फोडी केल्या आणि त्यांना बारा डोंगरांच्या चिठ्ठ्या बांधल्या.

केंद्रात त्या फोडी बारा वाफ्यांत लावल्या. पुढं साहेबांच्या अहवालात आलं, या भागातलं रानटी मारवेल सगळीकडे सारखंच आहे, एका ठिकाणचं जपलं तरी पुरे. तो मी वाचला आणि गप्प राहिलो.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर पीएचडी करणारी एक मुलगी पत्ता शोधत घरी आली. त्या वाफ्यांतल्या गवताची तिनं डीएनए तपासणी केली होती. बाराही नमुने तंतोतंत एक निघत होते.

"काका, सर म्हणतात माझ्याच हातून नमुने मिसळले. तीनदा परत केलं. आता म्हणतात, विषय सोड."

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तिनं वही उघडून माझ्यापुढं ठेवली. मग विचारलं, "हे लिहून द्याल?"

दिलं. नंतर तिला घेऊन राहिलेले अकरा डोंगर फिरलो. काहींवर नांगर फिरला होता, काहींची खडी झाली होती. तीन ठिकाणी मारवेल सापडलं. तपासणीत तिन्ही ठिकाणचं एकमेकांपासून वेगळं निघालं.

तिला विषय सोडावा लागला नाही. उरलेल्या आठ डोंगरांवरचं मारवेल कसं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.